उंदराची जखम भरली, पुढे काय?

एम. फार्म.चे किंवा आयुर्वेदातल्या एम. डी.चे सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधांचे आराखडे, ठरायची वेळ आली की काही विषय दरवर्षी हमखास समोर येतात. जखम भरून आणणारं मलम त्यात वरच्या नंबराला असतं. कधी कडुनिंबाचं, कधी कोरफडीचं, हळदीचं, एकदांडीचं, जाईच्या पानांचं, कधी दोन-तीन वनस्पती एकत्र करून केलेलं. नाशिकमध्ये गंगापूर रोडपासून पंचवटी-आडगावपर्यंत फार्मसीची महाविद्यालयं आहेत, गणेशवाडीत जुनं आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि दिंडोरी रोडला म्हसरूळमध्ये तर अख्ख्या महाराष्ट्राचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. मी याच शहरात बरीच वर्षं औषधशास्त्र शिकवतो आहे. या प्रबंधांचे निष्कर्ष मला आता न वाचताही सांगता येतात. मलम लावलेल्या गटातल्या जखमा लक्षणीयरीत्या लवकर भरल्या, आणि या दिशेने पुढील संशोधनाची गरज आहे.

ते पुढील संशोधन होत नाही. व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा होते, बाहेरून आलेले परीक्षक सही करतात, एखादा शोधनिबंध कुठेतरी छापून येतो, प्रबंध कपाटात जातो. दोन वर्षांनी दुसऱ्या महाविद्यालयातला दुसरा विद्यार्थी त्याच वनस्पतीचा अर्क काढून त्याच प्रयोगाला लागतो. आपण पुन्हा पुन्हा उंदराच्या पाठीपर्यंत जातो आणि तिथूनच परत फिरतो. हे थांबायला हवं आणि ते नाशिकमधून थांबवता येईल, असं मला वाटतं. कारण पुढच्या टप्प्याला जे जे लागतं, ते सगळं या जिल्ह्यात आहे.

प्रयोग कसा होतो ते आधी सांगतो, बाहेरच्या माणसाने तो सहसा पाहिलेला नसतो. विस्टर जातीचे पांढरे उंदीर घेतात, साधारण दीडशे-दोनशे ग्रॅम वजनाचे, एका गटात सहा. एका गटाला औषधाशिवायचा नुसता मलमाचा पाया लावायचा. एका गटाला बाजारातलं प्रमाण औषध, बहुतेक वेळा पोव्हिडोन आयोडीन नाहीतर नायट्रोफ्युराझोन. उरलेल्या गटांना आपलं मलम, कमी-जास्त प्रमाणात. उंदराला भूल देऊन पाठीवरचे केस काढतात आणि सुमारे ५०० चौरस मिलिमीटरचा, कातडीच्या पूर्ण जाडीचा गोल तुकडा कापून काढतात. मॉर्टन आणि मॅलोन यांनी १९७२ साली ही उघड्या जखमेची पद्धत मांडली आणि आजही ती तशीच चालते. मग ठरावीक दिवसांनी जखमेवर पारदर्शक कागद ठेवून तिच्या कडेने पेनाने रेघ मारायची, तो कागद आलेखाच्या कागदावर ठेवायचा आणि आतले चौकोन मोजायचे. चौथा दिवस, आठवा, बारावा, सोळावा. खपली आपोआप गळाली आणि खाली ओलसर जागा उरली नाही, तो दिवस वहीत नोंदवायचा. दुसऱ्या काही उंदरांच्या पाठीवर सरळ छेद घेऊन टाके घालतात. दहाव्या दिवशी त्या जोडाला एक पिशवी अडकवून तिच्यात हळूहळू पाणी सोडायचं, आणि किती वजनाला कातडी पुन्हा उसवते ते पाहायचं. शेवटी जखमेतल्या नव्या मांसात हायड्रॉक्सिप्रोलिन किती आहे ते मोजतात. त्यावरून कोलॅजन, म्हणजे कातडीला बळकटी देणारं प्रथिन, किती तयार झालं याचा अंदाज येतो.

मेहनतीचं काम आहे हे. मुलं दिवाळीच्या सुट्टीतही ॲनिमल हाऊसला येऊन मलम लावून जातात. पहिल्यांदा कात्री हातात घेताना रडवेली झालेली मुलं मी पाहिली आहेत. तीच मुलं पुढे आपल्या उंदरांच्या पिंजऱ्यातला भुसा दुसऱ्या कुणाला बदलू देत नाहीत. त्यांच्या कष्टाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. म्हणूनच त्या कष्टाचं पुढे काही होत नाही, याचा त्रास होतो.

आता या प्रयोगातून कळतं काय? उंदराची कातडी सैल असते आणि तिच्याखाली स्नायूचा एक पातळ थर असतो. जखम झाली की तो थर कडा आत ओढून घेतो, बटव्याची नाडी ओढल्यावर तोंड मिटावं तशी जखम मिटत जाते. माणसाच्या अंगावर असा थर जवळजवळ नाहीच, मानेपाशी त्याची खूण तेवढी उरली आहे. आपली जखम तळातून नवं मांस वर येऊन आणि कडांवरून नव्या त्वचेच्या पेशी सरकत येऊन भरते. म्हणजे पारदर्शक कागदावर आपण जे मोजतो, त्यातला मोठा भाग उंदराच्या कातडीचं आकसणं असतो. माणसाच्या पोटरीवरच्या किंवा तळपायाच्या जखमेबद्दल तो फार थोडं सांगतो.

दुसरं असं की हा उंदीर तरुण असतो, निरोगी असतो, त्याची साखर ठीक असते, पायापर्यंत रक्त व्यवस्थित पोचत असतं. जखम निर्जंतुक पात्याने केलेली, स्वच्छ. काहीही लावलं नाही तरी ती तीनेक आठवड्यांत भरते. आपल्या मलमाने ती चार दिवस आधी भरली, एवढाच आपला निष्कर्ष असतो. पण चार दिवस आधी भरावी म्हणून माणूस दवाखान्यात येत नाही. तो येतो ती जखम महिनोन् महिने भरत नाही म्हणून.

ज्याच्याशी तुलना करायची त्या औषधाचं तर कुणी बोलतच नाही. पोव्हिडोन आयोडीन हे जंतू मारणारं औषध आहे, जखम भरवणारं नव्हे. १९८५ मध्येच प्रयोगशाळेत दिसून आलं होतं की एक टक्का पोव्हिडोन आयोडीन, हायड्रोजन पेरॉक्साइड यांसारखी नेहमीची जंतुनाशकं जखम सांधणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशींनाही मारतात. मग स्वच्छ जखमेवर पाच टक्क्यांचं आयोडीनचं मलम एका बाजूला आणि आपलं वनस्पतीचं मलम दुसऱ्या बाजूला ठेवून ‘प्रमाण औषधाइतकंच गुणकारी’ असं लिहिण्याला कितीसा अर्थ आहे? मी व्हायव्हात हा प्रश्न विचारतो तेव्हा विद्यार्थी गाईडकडे बघतो आणि गाईड घड्याळाकडे.

प्राण्यांवरचे प्रयोग निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकराच्या पाठीवर केलेल्या उथळ जखमांपैकी काही उघड्या ठेवल्या आणि काहींवर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा लावला. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगाने आली. डुकराची कातडी आपल्या कातडीच्या बरीच जवळची, घट्ट असते. त्या एका निरीक्षणातून जगभरातलं ड्रेसिंगचं शास्त्र बदललं, कारण लोक तिथे थांबले नाहीत. ते माणसांपर्यंत आले, वेगवेगळ्या जखमांवर वेगवेगळी ड्रेसिंग वापरून पाहिली, कुठे लागू पडतं आणि कुठे नाही ते लिहून ठेवलं. आपल्याकडे मात्र ‘जखमेला हवा लागू द्या, वाळू द्या’ हा सल्ला अजून घरोघरी चालतो, आणि दवाखान्यातही ऐकू येतो.

महाराष्ट्रात हे कुणी केलंच नाही असंही नाही, आणि हे सांगताना मला खरोखर अभिमान वाटतो. मुंबईत डॉ. केसवानी यांनी भाजलेल्या मुलांच्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग वापरलं. १९८५ मध्ये त्याचा पहिला अहवाल ‘बर्न्स’ या नियतकालिकात आला, १९९० मध्ये ऊतींचा आणि जंतूंचा अभ्यास आला. साली गॉजवर बसवून त्यांची पट्टी करायची. जखम कोरडी पडत नाही, पट्टी चिकटत नाही, काढताना मूल किंचाळत नाही. भाजलेल्या लहान मुलाचं ड्रेसिंग ज्यांनी एकदा पाहिलंय त्यांना या शेवटच्या गोष्टीचं मोल सांगावं लागणार नाही. पुढे सायन हॉस्पिटलच्या डॉ. माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केळीच्या पानाचं ड्रेसिंग रुग्णांवर वापरून पाहिलं, आणि बटाट्याच्या सालीशीच त्याची तुलना केली. २००३ मध्ये त्यांनी लिहिलं की दोन्ही सारखीच उपयोगी पडतात, पण केळीचं पान ११ पट स्वस्त पडतं आणि तयार करायलाही सोपं आहे. ज्या देशात जळीत विभागातला रुग्ण बहुतेक वेळा गरीब असतो, तिथे ही तुलना म्हणजे वैद्यकाचाच भाग आहे.

आणि सोलापूर. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’मध्ये १०४ रुग्णांचा अभ्यास छापला. वरवरच्या भाजलेल्या जखमांवर निम्म्यांना मध, निम्म्यांना तेव्हा सर्रास वापरलं जाणारं सिल्व्हर सल्फाडायझिन हे जंतुनाशक मलम. सात दिवसांत मधाच्या गटातल्या ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, दुसऱ्या गटात सात टक्के. पुढची काही वर्षं त्यांनी हाच विषय धरून ठेवला. मला त्यांचा सगळ्यांत मोठा वाटणारा निबंध १९९९ चा आहे. त्यात त्यांनी स्वतःच्याच मधाची तुलना शस्त्रक्रियेशी केली, आणि मध्यम स्वरूपाच्या भाजण्यात लवकर शस्त्रक्रिया करून त्वचारोपण करणं मधापेक्षा सरस ठरतं असं शीर्षकातच लिहून टाकलं. आपल्या आवडत्या औषधाची हद्द स्वतः शोधून ती जाहीर करायची, याला संशोधन म्हणतात. २०१५ मध्ये वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या समीक्षकांनी जगभरातले मधाचे अभ्यास एकत्र तपासले. वरवरच्या भाजण्यात नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा चार-पाच दिवस लवकर गुण येतो आणि शस्त्रक्रियेनंतर चिघळलेल्या जखमांवरही उपयोग होतो, इतर जखमांबद्दल मात्र पुरेसा पुरावा नाही, असं त्यांनी म्हटलं. एका जिल्ह्याच्या गावातल्या सरकारी रुग्णालयात सुरू झालेलं काम जागतिक पुराव्यात असं मोजलं गेलं. नाशिक काही सोलापूरपेक्षा लहान नाही.

इथे हटकून हळदीचा विषय निघतो. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं अमेरिकन पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ साली मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, त्याला आव्हान दिलं, जुने संस्कृत आणि इतर ग्रंथांचे दाखले दिले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. ही लढाई लढायलाच हवी होती. तिच्यातूनच पुढे पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं राहिलं. पण त्या विजयानंतर आपण एक चुकीची समजूत करून घेतली. हळदीचा हा उपयोग नवा नाही, एवढंच तिथे सिद्ध झालं. कोणत्या जखमेवर, किती प्रमाणात, कशात मिसळून, किती दिवस लावली तर गुण येतो, हे सिद्ध करायचं काम तसंच राहिलं. हळदीतलं मुख्य द्रव्य करक्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, उजेडात टिकत नाही आणि क्षारयुक्त वातावरणात लवकर विघटतं. जुनाट, चिघळलेल्या जखमेचा पृष्ठभाग बहुधा क्षारीयच असतो. म्हणजे जिथे गरज जास्त तिथेच हे द्रव्य टिकवणं अवघड. यावर उपाय शोधणं हे मलम बनवणाऱ्याचं, म्हणजे आमच्या फार्मसीच्या मुलांचंच काम आहे. स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते हे तर वेगळंच. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाच्या जखमेत ती मूठभर दाबून भरणं धोक्याचं आहे. तरीही लोक भरतात, कारण ‘हळदीचं पेटंट आपण जिंकलं’ एवढंच त्यांच्यापर्यंत पोचलं.

मधुमेहाचा उल्लेख केला तर थोडं थांबून बोलायला हवं, कारण आज जखम म्हटलं की पहिला विचार त्याचाच यायला हवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. मधुमेह असलेल्या शंभरांतल्या १९ ते ३४ जणांना आयुष्यात कधी ना कधी पायाला जखम होते, असा जागतिक अंदाज आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या कुठल्याही ड्रेसिंग रूममध्ये सकाळी जाऊन बसा. पायावरचं गॉज वाळून चिकटलेलं असतं. सिस्टर त्यावर सलाईन सोडत कड सैल करतात, मग चिमट्याने अलगद ओढतात. पाय ज्याचा आहे तो माणूस मोबाईलवर बोलत असतो. त्याला दुखत नाही. न दुखणं हेच त्याचं दुखणं आहे. चपलेचा खिळा आत शिरला तेव्हाही त्याला कळलेलं नसतं. मग सिस्टर विचारतात, ‘काका, घरी काय लावलं होतं?’ उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं: हळद, तंबाखू, नाहीतर मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब.

अशा पायावर निव्वळ मलमाने काही होत नाही. जखमेवरचा भार काढावा लागतो, रक्तपुरवठा पाहावा लागतो, सडलेला भाग काढावा लागतो, साखर आटोक्यात आणावी लागते. अमेरिकेत १९९७ साली बेकाप्लर्मिन नावाचं वृद्धिघटकाचं, म्हणजे पेशींची वाढ घडवणाऱ्या प्रथिनाचं, जेल अशा जखमांसाठी मंजूर झालं, तेसुद्धा या चांगल्या निगेच्या जोडीला. आपल्याकडेही त्याच धर्तीची वृद्धिघटकांची औषधं मिळतात, पण ती निफाड-चांदवडच्या शेतमजुराला परवडणारी नाहीत. म्हणूनच स्वस्त, सोपं, इथे बनणारं काही सापडलं तर त्याला फार मोठी किंमत आहे. ते सापडायला मात्र त्या ड्रेसिंग रूममधून प्रश्न घ्यावे लागतील. मलम गॉजला चिकटतं का? पाणी सुटणाऱ्या जखमेवर ते टिकतं का, की वाहून जातं? दिवसाआड ड्रेसिंग केलं तर चालेल का? रोज एसटीने येण्यात मजुराची अख्खी रोजी जाते. आमच्या प्रबंधांत यातला एकही प्रश्न नसतो, कारण उंदराला एसटीने यावं लागत नाही.

नाशिकची स्वतःची अशी आणखी एक जखम आहे आणि तिच्याकडे कुणीच बघत नाही. ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षाचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावतात. तिच्यातलं मुख्य रसायन हायड्रोजन सायनामाइड. ते कातडी जाळणारं आहे. पेठ-सुरगाण्याकडून दिंडोरी, निफाडच्या बागांत आलेल्या मजूर बाया-माणसं स्पंज किंवा फडकं बुडवून एकेक डोळा भिजवत जातात. हातमोजे दिलेले असले तरी उकाड्यात आणि घाईत ते निघतात, फाटतात. बोटांच्या बेचक्यात आणि नखांच्या कडेला कातडी आधी पांढुरकी पडते, मग सोलून निघते. दुसऱ्या दिवशी त्याच हाताने पुन्हा पेस्ट. काम उक्तं घेतलेलं असतं, थांबून चालत नाही. यावर पहिला उपाय चांगले हातमोजे आणि हात धुवायला पाणी हाच आहे, मलम नव्हे, हे स्पष्टच सांगतो. पण सोललेल्या हातांना काही लावायचं तर काय, याचं उत्तर द्राक्षाच्या राजधानीतल्या एकाही औषधशास्त्राच्या प्रबंधात मी वाचलेलं नाही.

त्या मजुरांचं उत्तर त्यांच्यापाशी असतं. बांधावर एकदांडी उगवलेली असते, कुणी तिला दगडी पाला म्हणतं, कुणी कंबरमोडी. विळा-कात्री लागली की चार पानं चुरगाळून रस पिळतात, रक्त थांबतं असं सांगतात. ही वनस्पती मूळची उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची. आपल्याकडे ती तणासारखी पसरली आणि लोकांनी तिचा उपयोग स्वतः शोधून काढला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्ञान प्राचीन असल्यामुळे खरं ठरत नाही, बघून-पारखून खरं ठरतं, आणि पारखायची ही सवय बांधावरच्या माणसांना आहे. एकदांडीचा जखमेवरचा अभ्यास आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून छापून येतो आहे, उंदरांवर. त्यानंतर आजपर्यंत किती उंदीर तिच्यासाठी कापले गेले असतील कोण जाणे. आणि एखाद्या ग्रामीण रुग्णालयात सिस्टरच्या ट्रेमध्ये विश्वासाने ठेवता येईल असं एकदांडीचं मलम अजून नाही.

यावर माझे सहकारी जे आक्षेप घेतात, ते मला माहीत आहेत. पहिला असा, की एम. फार्म. हे शिक्षण आहे, दोन वर्षांत मुलांनी पद्धत शिकावी एवढीच अपेक्षा. मान्य. पण पद्धत शिकायला दरवेळी ३०-३६ जिवंत प्राणी त्याच प्रश्नासाठी खर्ची घालायचे का? प्राणी-प्रयोगांच्या समितीचे नियम सांगतात की शक्य तिथे प्राणी टाळा, कमी करा, त्यांचा त्रास घटवा. ज्याचं उत्तर आधीच छापून आलंय, तो प्रयोग या नियमात बसतो कसा? शिवाय हे शिक्षण फुकट नाही. एम. फार्म.ची प्रवेश परीक्षा जीपॅट उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद एआयसीटीई दरमहा १२,४०० रुपये देते. तो लोकांचा पैसा आहे, आणि त्यातून काय हाती लागलं हे विचारायचा लोकांना हक्क आहे.

दुसरा आक्षेप आयुर्वेदाच्या बाजूने येतो. सुश्रुताने व्रणाचे साठ उपक्रम सांगितले, जखमेवर लावायचं जात्यादी तेल-घृत शतकानुशतकं वापरात आहे, मग नव्याने काय सिद्ध करायचं? कायदाही त्यांच्या बाजूने आहे. ग्रंथोक्त औषधाच्या परवान्यासाठी गुणकारीपणाचा वेगळा अभ्यास मागितला जात नाही. सुश्रुताबद्दल मला नितांत आदर आहे. जखम कशी दिसते, तिचा वास कसा, स्राव कसा, कडा कशा, हे पाहून उपचार बदलायला सांगणारा तो वैद्य आहे. सगळ्या जखमांना एकच डबी लावा असं त्याने कुठेही म्हटलेलं नाही. आजच्या पेशंटवर, आजच्या कारखान्यात बनलेलं जात्यादी कोणत्या जखमेत चालतं हे पाहणं म्हणजे त्याचीच रीत पुढे चालवणं. त्यात मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार पडतो, त्याचं प्रमाण बॅचगणिक एकसारखं आहे का, हा प्रश्न तर कुठल्याही पॅथीच्या रुग्णाने विचारावा असाच आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. माणसांवर प्रयोग करायचे म्हणजे शेवटी गरिबांवरच करणार. ही भीती खरी आहे, या देशात तसं घडलेलं आहे. त्यावर माझं उत्तर असं, की गरिबांच्या जखमांवर आजही प्रयोग चालूच आहेत, फक्त त्यांची नोंद होत नाही. मेडिकलवाला ट्यूब देतो, शेजारीण पाला सांगते, डॉक्टर सवयीने आयोडीन लिहितात. कुणाला काय लावलं, काय झालं, कुणाचा पाय गेला, याचा हिशेब कुठेच नाही. २०१९ च्या नव्या औषध व चाचणी नियमांत संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या एथिक्स कमिटीची मंजुरी, रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती आणि इजा झाल्यास भरपाई हे सगळं बंधनकारक आहे. चाचणीची नोंद राष्ट्रीय नोंदणीत आधीच करावी लागते, त्यामुळे निकाल वाईट आला म्हणून ती गुपचूप गायब करता येत नाही. या नियमांखाली, मराठीतच नव्हे तर कोकणा आणि वारली बोलणाऱ्यांना कळेल अशा भाषेत समजावून केलेली चाचणी आजच्या बेहिशेबी कारभारापेक्षा कितीतरी न्याय्य आहे. वनस्पतीच्या औषधांना तर २०१५ पासून फायटोफार्मास्युटिकल म्हणून कायद्यात स्वतंत्र वाटही आहे. शुद्ध केलेला, ज्यातली निदान चार द्रव्यं मोजता येतात असा अर्क घेऊन रीतसर नव्या औषधासारखी परवानगी मागता येते.

मग अडतं कुठे? माझ्या मते अडचण पैशापेक्षा रचनेची जास्त आहे. फार्मसीची बहुतेक महाविद्यालयं पुण्याच्या विद्यापीठाशी जोडलेली. वैद्यकीय, आयुर्वेद आणि नर्सिंगची महाविद्यालयं म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाकडे. मलम एका विद्यापीठात तयार होतं आणि रुग्ण दुसऱ्या विद्यापीठाच्या रुग्णालयात असतो. मलम करणाऱ्या मुलाने आयुष्यात एकदाही डायबेटिक पायाचं ड्रेसिंग पाहिलेलं नसतं, आणि शल्यचिकित्सेच्या रेसिडेंटला शेजारच्या महाविद्यालयात कपाटभर मलमं पडून आहेत याचा पत्ता नसतो. दोन्ही ठिकाणांमध्ये रिक्षाने जाण्याएवढं अंतर आहे.

आरोग्य विद्यापीठाने यात पुढाकार घ्यावा, कारण सगळ्या पॅथी ज्याच्या छताखाली आहेत असं ते एकच ठिकाण आहे. पुणे विद्यापीठाशी करार करून दोन वनस्पती निवडाव्यात, जास्त नकोत. माझं मत एकदांडी आणि हळद यांना. पहिल्या वर्षीच्या विद्यार्थ्याने अर्काचं प्रमाणीकरण करावं, पुढच्याने मलमाचा पाया आणि टिकाऊपणा पाहावा, त्याच्या पुढच्याने पेशींवरचे प्रयोग करावेत, आणि प्राण्यांवरचा प्रयोग खरंच लागला तर तो एकदाच, साखर वाढवलेल्या प्राण्यांत, नीट तुलनेसह व्हावा. मग शल्यचिकित्सेच्या आणि आयुर्वेदातल्या शल्यतंत्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी रुग्णांवरची छोटी चाचणी हाती घ्यावी. एकाच कामाच्या अशा सलग कड्या झाल्या तर पाच-सहा वर्षांत ‘चालतं’ किंवा ‘चालत नाही’ असं उत्तर हाती येईल. ‘चालत नाही’ हे उत्तरही छापावं, आणि त्या विद्यार्थ्याला गुण कमी मिळू नयेत. आज नकारात्मक निकाल घेऊन व्हायव्हाला बसायची कुणाची छाती होत नाही, आणि यात दोष मुलांचा नाही.

याची सुरुवात मात्र मलमापासून करू नये. दिंडोरी, निफाड आणि चांदवडच्या सरकारी रुग्णालयांतल्या ड्रेसिंग रूममध्ये एक नोंदवही ठेवावी. जखम कशाने झाली, किती दिवसांची आहे, साखर किती, घरी काय लावलं होतं, मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटो, आणि महिन्याभराने काय झालं. पेस्टने सोललेल्या हातांसाठी वेगळं पान. नोंदी सिस्टरांनी ठेवायच्या असतील तर शोधनिबंधावर त्यांचं नाव असावं, आणि या कामाला जास्तीचा माणूस द्यावा, त्यांच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर लादू नये. फार्मसीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना आळीपाळीने तिथे बसवता येईल. एथिक्स कमिटीकडे अर्ज आत्ताच गेला, तर येत्या ऑक्टोबर छाटणीच्या आधी मंजुरी हातात असेल आणि पेस्टचं काम सुरू होईल त्या दिवशी वही उघडता येईल.